म्हातारा तापलाय

सांगावं की न सांगावं, या विचारात मी बरेच दिवस काढले. पण चहा पुढ्यात आलाच आहे, तर ऐका माझी फजिती. फक्त एक विनंती, मधेच हसू नका!

मी विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवते. पुराव्याशिवाय दुधात पाणी आहे हेसुद्धा मी मान्य करत नाही.

माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, नुकतंच प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं. सर्जननी बजावलं होतं : लघवी अडली किंवा ताप चढला, तर क्षणभरही थांबायचं नाही. आणि आबा? जरा बरं वाटताच कुरुंदवाडला पुतण्याकडे पळाले! हा पुतण्या म्हणजे माझा चुलत दीर बापू. पुरात गावाची बोट तोच चालवतो.

आबा फोन उचलेनात, म्हणून बापूला लावला.

"बापू, तब्येत कशी आहे?"

"कशाची तब्येत, वैनी! म्हाताऱ्याची लघवी बंद झालीया सकाळधरनं. हात लावू देत न्हाय, एवढा तापलाय!"

सख्ख्या चुलत्याला म्हातारा म्हणणं मला रुचलं नाही. पण शिष्टाचार शिकवण्याची ती वेळ होती का?

"मग काय केलंत?"

"गार पाण्याच्या पिंपात उभा केलाय की! नळीत सायकलची तार घातली. नुसती वाळू आली."

तार! वाळू! म्हणजे मुतखडासुद्धा!

"मला वाटतंय पंपच गेलाय, वैनी. आता खालनं खोलून बघतो."

पंप म्हणजे हृदय, एवढं तर कोणालाही कळतं.

"काहीही खोलू नका! मी डॉक्टरांना विचारते!"

"डॉक्टर कशाला? पाना हाय की!"

आणि फोन कट.

सर्जन म्हणाले, "ताबडतोब निघा, पोहोचलात की मला फोन लावा. मी अ‍ॅम्ब्युलन्स तयार ठेवतो." शिरोलीच्या कारखान्यांजवळच्या आमच्या घरापासून कुरुंदवाडपर्यंत मी गाडी कशी चालवली, ते मला विचारू नका. प्रत्येक ट्रकवाल्याने मला शिवी दिली आणि ती योग्यच होती.

नदीच्या घाटावर निळ्या पिंपाभोवती गर्दी! मी सर्जनना फोन लावला आणि तो कानाशी धरूनच आत घुसले.

"बाजूला व्हा! आबा!"

"काय गं?" आवाज मागून आला. आबा पायरीवर शेंगा सोलत बसले होते.

पिंपात होतं बोटीचं जुनं इंजिन. त्याचं गावातलं नाव म्हातारा! पंपातली रबरी चक्री झिजली होती, बापूने नवी बसवली होती. थंड करणारं पाणी फिरलं की मागच्या भोकातून बारीक धार पडते. या मंडळींच्या भाषेत तीच लघवी. ती नाही पडली, तर इंजिन तापून जाम होतं आणि पुरात बोट लोकांसकट वाहत जाते.

बापूने दोरी ओढली. इंजिन खोकलं, गुरगुरलं. सगळे श्वास रोखून त्या भोकाकडे बघत होते. मीसुद्धा!

आणि सर्रकन धार सुटली!

"झाली!" मी किंचाळले. "लघवी झाली!"

"वा!" कानाशी सर्जन म्हणाले. "धार कशी आहे?"

"जोरात!"

"रंग?"

"गढूळ. जरा तेलकट."

पलीकडून अगदी हळू आवाजात, "मॅडम, पेशंट शुद्धीवर आहे ना?"

आणि पुराव्याशिवाय न बोलणारी मी, डोळे पुसत म्हणाले, "हो हो, आत्ताच दोरी ओढून चालू केला!"