कांचनची टीसी

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. देवासला माहेरी नाही, नवऱ्याला नाही. धारच्या या शाळेत मी प्राचार्य आहे. सगळ्या मुलांना सामावून घेणारी शाळा म्हणून आमचं नाव घेतात. परवा माझा सत्कार झाला — शाल, श्रीफळ, आणि भाषणात 'संवेदनशील' हा शब्द किती वेळा! संताप आला मला. भाषण करणाऱ्यांचा नव्हे — माझाच. सांगते का ते.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी टोंकखुर्दच्या एका खासगी शाळेत नववीला शिकवत होते. वर्गात कांचन होती. तिला फळ्यावरचं दिसत नसे, पुस्तक नाकाशी धरून वाचायची. पण एकदा ऐकलेलं विसरायची नाही. तोंडी विचारलं की तिचं उत्तर सगळ्यांच्या आधी. लेखी पेपर मात्र अर्धा कोरा. मोठ्या अक्षरांत पेपर काढून द्यायला मला किती वेळ लागला असता? एक दुपार?

दिली नाही मी.

दहावीच्या निकालाची धास्ती आमच्या तेव्हाच्या प्राचार्यांना होती, म्हणून मनातल्या मनात सगळं त्यांच्यावर ढकलत आले. खोटं आहे ते. त्यांनी कांचनचं नावही काढलं नव्हतं. मी काढलं. माझ्या विषयाचा निकाल बिघडू नये म्हणून — एवढ्यासाठी!

तिच्या वडिलांना मीच बोलावलं. इंदूरला अशा मुलींची चांगली शाळा आहे, तिथे घालायचं तर हा कागद लागतो, असं सांगितलं. मी कुठल्या शाळेशी बोलले होते? कुठल्याच नाही. कागद म्हणजे टीसीचा, शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज होता, मुलीला स्वेच्छेने काढतो असं लिहिलेला. लिहिला मीच. त्यांना वाचता येत नव्हतं.

"मॅडमजी, तम पढी-लिखी हो, ठीकज करोगा," म्हणाले आणि अंगठा उमटवला.

इंदूरचं विचारायला ते नंतर दोनदा आले. दोन्ही वेळा मी शिपायाकरवी सांगितलं — मॅडम वर्गावर आहेत. तिसऱ्यांदा आले नाहीत. कांचन कुठल्याच शाळेत गेली नाही. आईबरोबर दुसऱ्यांच्या शेतात लसूण काढायला जाऊ लागली.

गेल्या महिन्यात आमची नवी शिक्षिका, पल्लवी, स्टाफरूममध्ये मला विचारायला आली. तिच्या वर्गातल्या एका मुलीला नीट बोलता येत नाही. पालकांना समजावून टीसी घ्यायला लावू का? मी तिला सगळ्यांसमोर इतकं झापलं की ती रडली. लाज कशी वाटत नाही, म्हणाले. कुणाला म्हणत होते मी?

डोळे पुसत ती म्हणाली, "मॅडम, मला खरंच सुचत नाहीये. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?"

ती निदान विचारायला तरी आली होती. मी कुणाला विचारलं होतं?

"असला विचार माझ्या मनातसुद्धा आला नसता," मी म्हणाले.

पल्लवीनं सगळ्यांसमोर माझी माफी मागितली. आणि मी — मी तिला माफ केलं.