फायटरचं शिळं पाणी

दिवा गावात आई एकटी राहते. बाबा गेल्यावर तिला सोबत म्हणून मी एक फायटर मासा नेऊन दिला, निळाशार, शेपटीचा तोरा मिरवणारा. "ही आणखी कसली ब्याद?" म्हणाली, आणि आठवडाभरात त्याला भाजीचे भाव सांगू लागली.

मग एकदा तिचा फोन आला. "अरे, हा खाईनासा झालाय. तुझे बाबाही शेवटी असंच करायचे." मी तडक दिवा गाठलं.

मासा तळाशी बसून होता. पर अंगाला चिकटलेले, निळा रंग पार विटलेला. अंगावर डाग नाही, जखम नाही. पण संध्याकाळी स्वारी वर आली, पर थोडे उघडले, एक दाणाही खाल्ला. "रोज असंच," आई म्हणाली, "सकाळी मलूल, संध्याकाळी जरा बरा." दुखणं सकाळी चढतं आणि संध्याकाळी उतरतं? मला काही चैन पडेना. मी मुक्कामच ठोकला.

सकाळी नळ आला. हंडे-कळश्या सोडून आईनं आधी माशाचं भांडं उचललं. त्याला वाटीत काढून जुनं पाणी मोरीत ओतलं आणि गार, औषधाचा वास मारणारं ताजं पाणी काठोकाठ भरलं. आत सोडल्याबरोबर मासा गर्रकन फिरला, तळाला गेला आणि पर मिटून बसला.

"रोज असंच करतेस?"

"मग! माझ्या चहाआधी त्याचं पाणी. टंचाई असली म्हणून काय शिळं देऊ त्याला?"

आता हिला सांगायचं कसं? शेवटी सांगितलंच. नळाच्या पाण्यातलं औषध त्याला झोंबतं, आणि रोज सगळं पाणी बदललं की तो घाबरतो. त्याला शिळंच हवं, दिवसभर उघडं ठेवलेलं, आणि तेही थोडंथोडंच बदललेलं.

आईचा चेहरा पडला. "म्हणजे मीच मारत होते त्याला?"

"जपत होतीस गं. जरा जास्तच."

पुढच्या खेपेला गेलो तर मासा पुन्हा निळा झालेला. पाण्यावर एका कोपऱ्यात बारीक बुडबुड्यांचा फेस होता आणि आई तो काढायला चमचा घेऊन उभी.

"थांब! घरटं आहे ते. नर बांधतो, पिल्लांसाठी."

"पण हा तर एकटाच आहे."

"एकटा असला तरी बांधतो."

आईनं चमचा खाली ठेवला.

"बांधू दे रे," ती म्हणाली. "एकट्यालाही घर लागतं."