नालबंद अर्डिथची डावी बाजू

न्यू मेक्सिकोच्या ईशान्येकडच्या त्या माळावर घोडे पुष्कळ आणि नालबंद एकच, अर्डिथ कोल्ब. बाई नाल ठोकणार म्हटल्यावर सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली होती. पण तिनं नाल ठोकलेला घोडा लंगडत नाही हे दिसलं, तशी ती नाकं आपोआप सरळ झाली. आता ती बावन्न वर्षांची होती. रुंद खांदे, भाजलेले हात, आणि दिवसातला अर्धा वेळ घोड्याचा पाय गुडघ्यांत धरून ओणवी.

दोन उन्हाळ्यांपूर्वी डोंगरापलीकडे जाणाऱ्या एका आडरस्त्यावर दोघांनी तिची गाडी अडवली. ऐरणीसकट सगळी अवजारं उतरवून घेतली, गाडीची किल्ली निवडुंगात भिरकावली. अंगाला हात लावला नाही. पण जाताना त्यातला एक हसून म्हणाला, "पुन्हा भेटूच, बाई." घशाला कोरड पडेपर्यंत चालत ती एका गोठ्यावर पोचली. पुढे अवजारं नवी आली, ऐरणही आली. ते हसू मात्र डोक्यातून जाईना. डोंगरापलीकडची गिऱ्हाइकं तिनं एकेक करून सोडून दिली. विचारलं तर म्हणायची, कंबर साथ देत नाही.

नवरा ऑर्व्हल घरोघरी गॅस पोचवणारी टँकरगाडी चालवायचा. बोलणं मोजकं. एका सकाळी अंडी परतता परतता त्यानं विषय काढला.

"कंबर दुखत नाहीये तुझी. भीती वाटतेय तुला."

"वाटते. मग?"

"मग पिस्तूल घे. पण नीट शिकून घे. नुसतं आणून गाडीत टाकलंस, तर पुढच्या चोराला आणखी एक अवजार मिळेल."

अर्डिथ शिकली. परवाना मिळाला, नेमही बरा बसायला लागला. अडलं ते भलत्याच ठिकाणी. हे धूड अंगावर ठेवायचं कुठं?

शिकवणाऱ्यानं उजव्या कमरेला लावायला सांगितलं होतं. पण गाडीत बसलं की सीटच्या पट्ट्याची कडी नेमकी त्यावरच येऊन बसे, आणि पिस्तूल काढायचं तर आधी पट्ट्याशी कुस्ती. मग तिनं ते पुढं, पोटापाशी खोचलं. घोड्याचा खूर उचलायला वाकली की मूठ बरगडीत घुसे आणि नळीचं तोंड थेट मांडीकडे.

"दर खुरामागं कुणीतरी कोपरानं ढोसतंय असं वाटतं," ती ऑर्व्हलला म्हणाली.

"पोट कमी कर," तो म्हणाला.

"आधी आपलं बघ!"

शेवटी तिनं ते पाठीमागं, माकडहाडाच्या जरा वर अडकवलं. कापडी, मऊ म्यान, स्वस्तातली. टोचत नाही, दिसत नाही, वाकता येतं. अर्डिथला वाटलं, सुटले एकदाची.

पुढच्याच आठवड्यात ती प्रूएटबाईंकडे गेली. इडेला प्रूएट म्हणजे तिच्या शाळेतल्या बाई. आता ऐंशी ओलांडलेल्या, आणि सोबतीला सिनेटर नावाचं म्हातारं खेचर. या सिनेटरला एक खोड होती. पाय उचलला की सगळं अंग नालबंदावर सोडून द्यायचं. त्या दिवशी त्यानं असं काही अंग टाकलं की अर्डिथ मागं कोलमडली ती सरळ पाठीवर. पिस्तूल मणक्यात रुतलं. डोळ्यांपुढं काजवे चमकले. ती कुशीवर वळली तेव्हा मऊ म्यानेतून पिस्तूल निसटलं, गवतावरून घसरत गेलं आणि थांबलं सिनेटरच्या पुढच्या पायाशी. नळीचं तोंड प्रूएटबाईंच्या चपलांकडे.

कुणी हललं नाही. सिनेटरनं मान खाली घालून ती नवी वस्तू हुंगली आणि एक खूर उचलला.

"सिनेटर," प्रूएटबाई वर्गात बोलायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "इकडे बघ." बोलता बोलता त्या बाजूला सरकल्या, खिशातून पेपरमिंटची गोळी काढली आणि चुरचुर आवाज करत तिचा कागद सोडवला. खेचराचे कान वळले, मग मान वळली, मग सगळं खेचरच वळलं. अर्डिथनं सरपटत जाऊन पिस्तूल उचललं. आधी त्यातली काडतुसं काढली.

"बाई, चुकलं माझं."

"चुकलं खरं. लागलंय का तुला?"

"पाठीत."

"मग आत चल, बर्फ लावते. आणि हे बघ, जवळ बाळगतेस त्याचं मला काही नाही. माझे वडीलही बाळगायचे. पण त्याला धड घर दे गं. असं रस्त्यावर येणारं नको."

त्या वाक्यानं अर्डिथला गावातल्या खोगीरवाल्याच्या दारात नेलं. फर्मीन आर्चुलेता, चौऱ्याहत्तर वर्षांचा; गावात सगळे त्याला मानानं 'डॉन' म्हणायचे. त्याच्या दुकानात चामड्याचा आणि भाजलेल्या मिरच्यांचा मिळून एक वास असायचा. त्यानं ती कापडी म्यान चिमटीत धरली, मेलेला उंदीर धरावा तशी.

"पोरी, ही म्यान की मोजा?"

"हसू नका, डॉन फर्मीन. मणका मोडता मोडता राहिलाय."

"मोडला असता तर काय हसलो असतो? पाठीच्या कण्यावर लोखंड बांधून खेचराखाली शिरतेस! बरं, पिस्तूल रिकामं आहे?"

"आहे."

"मला दाखव. आता तू पुन्हा बघ."

दोघांनी बघितलं. मग त्यानं तिला खोगीर ठेवायच्या लाकडी घोडीवर बसवलं, तिथून दाराशी उभ्या तिच्या गाडीत, आणि पुन्हा आत आणून ओणवं केलं. काखेत बांधायचं का, असं तिनं विचारलं.

"काखेत नळी मागं बघते. तुझ्या मागं कोण उभं असतं?"

"घोड्याचा मालक."

"पैसे द्यायच्या आधीच मारशील की त्याला." आपल्याच विनोदावर तो खोकला येईपर्यंत हसला. मग म्हणाला, "तुला भीती वाटते ती कुठं? गोठ्यात?"

हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. "नाही. गोठ्यात कसली भीती? रस्त्यावर. गाडीत."

"मग गोठ्यात कशाला नाचवतेस? गाडीतल्या अर्डिथसाठी जागा शोधू. नालबंद अर्डिथनं ते काढून ठेवावं."

ती जागा निघाली डाव्या बाजूला, बेंबी आणि कमरेच्या मधे, जरा उंच. मूठ उजवीकडे वळलेली. बसल्या बसल्या उजवा हात सहज पोचे, कडी आड येत नव्हती, आणि सैल सदऱ्याखाली काही कळत नव्हतं. फर्मीननं म्यान केली ती लाकडासारख्या ताठ चामड्याची. चाप पूर्ण झाकलेला, पिस्तूल उलटं धरून हलवलं तरी पडत नव्हतं.

"परत घालताना घाई करायची नाही," त्यानं बजावलं. "सदरा बाजूला, डोळे म्यानेवर. माझ्या भावानं जाकिटाची दोरी चापात अडकवून स्वतःच्या मांडीत गोळी घेतली होती. वर आयुष्यभर सांगत फिरला, साप चावला म्हणून! आणि काढून ठेवायचं ते म्यानेसकट. उघडं पिस्तूल हाताळायचंच नाही."

ऑर्व्हलनं गाडीच्या तळाला बोल्ट मारून एक कुलपाची लोखंडी पेटी बसवली. महिनाभर दोघं कोरड्या ओढ्यात जायचे. आधी रिकाम्या पिस्तुलावर, मग भरलेल्या. काढताना डावा हात छातीशी, नळी आपल्याच दंडावरून फिरू द्यायची नाही, हे अंगात मुरेपर्यंत.

वसंतात तिनं डोंगरापलीकडच्या लोकांना एकेक करून फोन लावले. "कंबर बरी झाली का?" सगळ्यांनी विचारलं. "झाली," ती म्हणाली.

पहिल्याच फेरीत, खिंडीच्या वळणावर एक ट्रक रस्त्यात आडवा उभा दिसला. अर्डिथ बरीच अलीकडे थांबली, दारं लावलेली, मागं वळायला जागा राखून. काच बोटभर खाली करून ओरडली, "काय झालंय?"

"ट्रेलर सुटला हो!" एक घामाघूम माणूस दोन्ही हात वर करून म्हणाला. "दोन घोड्या रानात पळाल्यात, आणि बायको त्यांच्यामागं!"

तेवढ्यात उतारावर एक बाई शिव्या देत घोडीमागं पळताना दिसलीच. चोर असली शिवीगाळ करत नाहीत, अर्डिथनं ठरवलं. ती उतरली, दोरी घेतली. दुसरी घोडी हाती लागेपर्यंत तिघांचा दम निघाला. मग ट्रेलरला टेकून त्या बाईनं फडक्यात बांधलेले गरम तमाले, मक्याच्या पिठाचे सारण भरलेले उंडे, काढले, आणि तिघांनी उभ्याउभ्याच खाल्ले.

"ह्या करड्या घोडीचे खूर फार वाढलेत," अर्डिथ तोंडात घास असतानाच म्हणाली.

"नालबंद मिळतोय कुठं इकडं!" माणूस म्हणाला.

तमाले संपेपर्यंत मंगळवार ठरला होता. गाडीत बसल्यावर पट्टा लावताना अर्डिथचा हात डाव्या बाजूला लागला, आणि तिच्या ध्यानात आलं की एवढ्या धावपळीत ते तिथं आहे याची आठवणसुद्धा झाली नव्हती. तिनं काच पूर्ण खाली केली. वाऱ्यावर सेजब्रशच्या झुडपांचा वास येत होता, आणि पलीकडे अजून चार गोठ्यांवरचं काम व्हायचं होतं.