मोहमाळ, टप्पे अकरा

जगातला कुठलाही डोंगर ही मुळात एसटीच आहे, फक्त तिला चाकं बसवायची राहून गेली, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांनी डहाणू आगारात एकतीस वर्षं कंडक्टरकी केली. तलासरी, उधवा, सायवन, कासा या बाजूच्या गाड्यांवर त्यांचं आयुष्य उभ्यानं गेलं. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माच्या मागे लागतात, नातवंडांच्या मागे लागतात. मामा डोंगरांच्या मागे लागले. नोकरी सुटली, पण गाडी काही त्यांच्या अंगातून उतरली नाही. नोकरीत असताना एकही गाडी वेळेवर सुटली नाही याचं शल्य त्यांना इतकं होतं, की डोंगराची गाडी ते सहा दहा म्हणजे सहा दहालाच सोडत. एकदा माझी बायको चपलेचा पट्टा लावायला अर्धा मिनिट थांबली, तर मामा आम्हाला घेऊन निघालेसुद्धा. पुढच्या वळणावर मात्र त्यांनी गाडी उभी केली आणि ती येईपर्यंत हातावरचं घड्याळ पाठीमागे लपवून ठेवलं.

२०१४ साली माझं लग्न झालं आणि पहिल्याच रविवारी मामांनी मला 'जरा पाय मोकळे करायला' म्हणून तलासरीच्या पूर्वेकडच्या रानात नेलं. माझं डहाणूत वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. दिवसभर बसून वजन वाढवणं हा या धंद्यातला भाग मी नेटानं केलेला. अर्ध्या चढावर माझा जीव कंठाशी आला आणि मी एका दगडावर बसकण मारली.

"जावईबापू, इथं थांबा नाही," मामा म्हणाले.

मला वाटलं, थट्टा असेल. पण मामांचा चेहरा ड्युटीवरचा होता. "पुढच्या पळसाखाली टप्पा आहे, तिथं बसा. असं ज्याला वाटेल तिथं तो उतरायला लागला, तर गाडी पोचायची कधी?" मी उठलो, वीस पावलं चाललो आणि पळसाखाली बसलो. थोड्या वेळानं मामांनी खिशातून तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा काढला आणि काठीवर दोनदा टकटक केलं. डबल बेल झाली. इतकी वर्षं एसटीनं फिरलेला माणूस मी, आपोआप उभा राहिलो.

मामांच्या डोंगरावर सगळे नियम गाडीचेच. पायवाटेवर वरून कोणी येताना दिसलं की मामा आम्हाला बाजूला ओढत. "उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या!" त्यापायी एकदा पंधरावीस कॉलेजची मुलं उतरून जाईपर्यंत आम्ही करवंदीच्या जाळीत उभे होतो, आणि मुलं आमच्याकडे पाहून हसत होती. प्रत्येक टप्प्यावरचा सपाट दगड 'राखीव' असे. त्यावर कोणी बसलेलं नसलं तरी मी बसायचं नाही. "एखादी गरोदर बाई आली तर?" मी आजूबाजूला पाही. मैलभर फक्त साग आणि सादड्याची झाडं. तरी मी आपला उभा.

त्यांची एक जाडजूड वही होती. तीत प्रत्येक वाटेची नोंद अशी: 'मार्ग तळ्यावरून. टप्पे सहा. दमा: तिसऱ्या टप्प्यावर पाणी पिऊन चालेल. कडेवर मूल: चालेल. जावई: चौथ्या टप्प्यानंतर तक्रार.' किती उंची, किती अंतर, असलं काही नाही. वाट कोणाला झेपते एवढंच त्यांना हवं असे. धडधाकट पोरांना गड दाखवणारे पुष्कळ होते, मामांना त्यांच्यात रस नव्हता. ते म्हणत, "एसटीत आपण कोणाला उतरवतो का? म्हातारी चढते, आजारी चढतो, कोंबड्यांची पाटी घेऊन बाई चढते. सगळ्यांना घ्यावं लागतं. मग डोंगरानंच का म्हणून निवड करायची?"

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी मामी होत्या, हे मला पहिल्या वर्षातच कळलं. मामींचं माहेर चिंचणीचं. लहानपणी पोलिओनं त्यांचा उजवा पाय वाळलेला. दर पावलाला उजवी मांडी हातानं दाबायची आणि मग पुढचं पाऊल, अशी त्यांची चाल. मामांचा सगळ्यांत लाडका डोंगर म्हणजे मोहमाळ. वर मोठं पठार, पठारावर एक जुनं मोहाचं झाड, आणि तिथून हवा स्वच्छ असेल तर थेट समुद्र दिसतो. नोकरीत सुटीच्या दिवशीसुद्धा मामा तिथं जाऊन बसत आणि घरी येऊन मामींना वर्णन करून सांगत. निवृत्तीनंतर त्यांनी ठरवलं, हिला तिथं न्यायचंच. मामींची अट एकच होती. "मी माझ्या पायांनी येणार. खुर्चीत घालून न्यायला मी काय देवीची पालखी आहे?" त्यात डॉक्टरांनी सांगितलं की सगळा भार सोसून आता चांगला गुडघाही झिजत चाललाय, आणखी तीन-चार वर्षं चालेल तेवढं चालून घ्या. तेव्हापासून मामांच्या वहीत मोहमाळाला जाणाऱ्या वाटांचीच पानं भरायला लागली.

वाट मामींना झेपेल की नाही, हे मामींना न थकवता कळणार कसं? त्यावर मामांनी जो उपाय काढला तो दुसऱ्या कोणाला सुचला नसता. पायथ्याच्या पाड्यावर पोचलं की ते मामींच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं स्वतःच्या उजव्या पायाला वेळूची काठी करकचून बांधत, म्हणजे गुडघा वाकू नये. मग मांडी हातानं दाबत, पाऊल ओढत चढायला लागत. चार हिवाळे त्यांनी असे काढले. मोठ्या खडकांची वाट झाली, ओहोळातली झाली. ओहोळात गोटे पायाखालून सरकले आणि मामा माझ्या अंगावर आले. वहीत त्यांनी लिहिलं, 'नाही. जावई मऊ असल्याने इजा नाही.' पाड्यावरच्या लोकांना वाटे, बिचारा लंगडा म्हातारा नवस फेडायला येतो. एकानं झाडपाल्याचा लेप दिला. पुढच्या रविवारी पाड्यानं मामांना दोन्ही पायांनी टणाटण ओढा ओलांडताना पाहिलं आणि तो लेप घ्यायला त्याच्याकडे रांग लागली.

२०१८ च्या जानेवारीतल्या थंडीत मामा असेच पाय बांधून खडकात अडकले होते आणि मी त्यांना खालून ढकलत होतो. तेवढ्यात लाकडाचा भारा घेतलेली एक वयस्क बाई खाली उभी राहून आमच्याकडे पाहायला लागली. तिचं नाव लाडकीबाई, पायथ्याच्याच पाड्यावरची. त्या बाजूला अहोजाहो करायची पद्धत नाही.

"तुझा पाय कसा मोडला रं?" तिनं विचारलं.

"मोडला नाही," मामा खडकावरून म्हणाले. "हा माझ्या बायकोचा पाय आहे."

लाडकीबाईनं भारा खाली टाकला आणि पोट धरून हसली. मग मामांनी तिला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचं हसू ओसरलं. ती म्हणाली, "चार वरसं तुला बघतंय. तू आमच्या पोरांना जवलची वाट इचारलीस, त्यांनी जवलची दाखवली. भारा घेऊन बाई कोनच्या वाटंनी जाते, ता इचारलंस कधी?"

आयुष्यभर बायकांना राखीव जागा मिळवून दिलेल्या माणसाला वाट मात्र एका बाईला विचारावीशी वाटली नव्हती. लाडकीबाई आम्हाला डोंगराच्या पाठीमागून घेऊन गेली. वाट दुपटीनं लांब, पण चढ असा की कळूही नये. थोड्या थोड्या अंतरावर कमरेइतके उंच, वरून सपाट दगड रचलेले. डोक्यावरचा भारा कोणाच्या मदतीशिवाय टेकवायचा आणि पुन्हा उचलायचा, त्यासाठीची ती सोय. वाकावं लागत नाही, बसलं तर उठायला कष्ट नाहीत. मामांनी पहिल्या दगडावरून हात फिरवला. "हा थांबा दिला कोणी?"

"माझ्या सासूच्या सासूनं दिला असंल," लाडकीबाई म्हणाली.

पंधरा दिवसांनी मामींना घेऊन आम्ही निघालो. अकरा दगड, अकरा टप्पे. प्रत्येक दगडावर मामी टेकल्या, लाडकीबाई शेजारी उभी राहिली, दोघींच्या गप्पा झाल्या. मामांनी घड्याळ घरीच ठेवलं होतं. सातव्या आणि आठव्या दगडाच्या मध्ये मामी एकाएकी थांबल्या. चांगला पाय थरथरत होता. जवळ टेकायला काही नाही आणि जमिनीवर बसल्या तर पुन्हा उठवणं कठीण. मी मामांकडे पाहिलं. इथं थांबा नव्हता.

"विनंती थांबा," मामा म्हणाले, आणि एक गुडघा जमिनीवर टेकून त्यांनी मांडी पुढे केली. "बस."

"अहो, जावई आहेत!"

"जावई तिकडं बघतायत." मी लगेच तिकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिलो. पाठीमागे मामींचा श्वास हळूहळू खाली बसत होता. डबल बेल त्या दिवशी मामींनी दिली, मामांच्या डोक्यावर बोटानं दोन टिचक्या मारून.

दुपारी आम्ही मोहाखाली पोचलो. पश्चिमेला नुसतं धुरकट होतं. मामा पठाराच्या कडेला जाऊन हात डोळ्यांवर धरून उभे राहिले, दोनदा जागा बदलली, परत आले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "आज नेमका समुद्र दिसत नाहीये गं," ते म्हणाले.

"चिंचणीला जन्मभर समुद्रच बघितला मी," मामी म्हणाल्या. "तुम्ही सुटीच्या दिवशी मला सोडून कुठल्या दगडावर जाऊन बसत होतात, ते बघायचं होतं मला. दाखवा."

मामांनी तो दगड दाखवला. मामी त्यावर बसल्या आणि थोडं सरकून त्यांनी बाजूला जागा केली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्याकडे भूकंपाच्या धक्क्यांनी जमीन हादरायला लागली. घरांना भेगा गेल्या, माणसं अंगणात झोपायला लागली. मामा आधी मोहमाळाच्या दगडांची चौकशी करून आले. दोन ढासळले होते, पाड्यावरच्या बायकांनी ते पुन्हा रचलेही होते. पण तोवर मामींचा गुडघा थकला होता. आता त्या घरातल्या घरातही भिंत धरून चालतात. मामांनी डोंगरावर जाणं सोडलं. मी दोनदा आग्रह केला, त्यांनी ऐकलं नाही. त्यांच्याशिवाय मीही गेलो नाही, आणि कधीकधी दुकानात बसलो असताना ती डबल बेल ऐकू यावी असं मला फार वाटतं.

परवा रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेलो, तर दोघं ओट्यावर शेजारी बसलेली. मामींचे डोळे मिटलेले. मामांच्या मांडीवर वही, पण ते तिच्यात बघत नव्हते.

"सहावा टप्पा," मामा सांगत होते. "डावीकडं वाकडा सादडा. आता जरा चढ आहे, सावकाश. सातवा टप्पा. आता पुढं..."

"थांबा," मामी डोळे न उघडता म्हणाल्या. "इथं मला बसायचंय."

मामांनी आपली मांडी थोडी पुढे सरकवली. मामींनी तिच्यावर हात ठेवला. मी दारातच उभा राहिलो, कारण उतरणाऱ्यांना आणि बसलेल्यांना आधी वाट द्यायची असते, एवढं मला आता कळतं. चिमटा मामांच्या खिशातच होता, पण तो काढायची त्यांना काही घाई नव्हती.