मदन महलचा ट्रान्स

नागपूरहून निघालेली गाडी जबलपूरच्या मदन महल स्टेशनवर दोन तास उशिरा पोचली. एप्रिलचं ऊन तापलेलं. जो ठेका ऐकायला मी आलो होतो, तो पहिल्याच रिक्षात वाजत होता: टेक्नोचा ठोका आणि मध्येच भीमगीताची ओळ. या मिश्रणाला इथं ट्रान्स म्हणतात; पूर्वी तो आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत हमखास असे. मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकानं बंद पडली आणि त्याला कुणी विचारेना. आता पोरापोरींनी तो पुन्हा उकरून काढलाय.

माझे यजमान प्रमोदजी एकेकाळचे डीजे, घराणं मूळचं भंडाऱ्याचं. त्यांची मुलगी रुचिका जुन्या ट्रॅकवर नवे ठेके चढवते. जयंतीसाठी तिला आईनं गायलेला ट्रॅक हवा होता. आई चार वर्षांपूर्वी गेली. तिचा आवाज तेवढ्यातच उरलाय.

अडचण प्रमोदजींनीच करून ठेवलेली. तेव्हा डीजे एकमेकांचे ट्रॅक सर्रास ढापत, म्हणून जो तो गाण्यावर आपलं नाव ठोकायचा. "डीजे प्रमोद, जबलपूर!" ही आरोळी नेमकी आईच्या शेवटच्या ओळीवर बसली होती.

"साफ कॉपी काहून नाही ठेवली, पप्पा?"

"चोरीची भीती होती, बेटा. आता ते शब्द मलाही आठवून नाही राहिले."

जवळच्या पाटन गावातल्या एका जुन्या साउंडवाल्याकडे त्या गाण्याची सीडी होती; ती तरी साफ असेल असं वाटलं. आम्ही तिघं बसनं गेलो. वाटेत टायर पंक्चर झालं, तेवढ्यात खोव्याची जिलबी (खव्याची, काळपट) खाऊन घेतली. सीडी लावली, तर तीच आरोळी.

"अपनाच नाव इतकं वाईट कधी नाही लागलं," प्रमोदजी म्हणाले. मलाही वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिरवणुकीत रुचिकानं तोच ट्रॅक लावला. आरोळी यायच्या आत प्रमोदजींनी आवाजाचा खटका पार खाली ओढला. ट्रकपुढं नाचणाऱ्या बायका मात्र थांबल्या नाहीत. विहारात त्या रुचिकाच्या आईसोबत हेच गाणं गात असत. त्यांनी ओळ पुरी केली:

"शीक माझ्या लेकी, माझ्यापुढं जा."

रुचिका ढसाढसा रडली.

संध्याकाळी ती मला स्टेशनवर सोडायला आली. "गाणं रेकॉर्ड झालं तेव्हा मी मम्मीच्या मांडीवर होते, भैया. मेरे लिए गा रही थी, आणि मला आज समजलं."

गाडीत बसल्यावर वाटलं, चोरांपासून प्रमोदजींनी ट्रॅक राखला खरा. पण त्या आरोळीनं इतकी वर्षं जी ओळ चोरली, ती त्यांच्याच लेकीची होती.