हिरवी खूण आणि एक अर्ज

पहिल्या मजल्यावरच्या मावशींचा वारसनोंदीचा अर्ज सोसायटीकडे कधी आलाच नव्हता, असं शांती नगरमधल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी सहीनिशी लिहून दिलं होतं. ते खोटं आहे. आपल्यामागे घर भाचीच्या नावावर व्हावं म्हणून मावशींनी तो अर्ज माझ्याच हातात दिला होता.

दप्तराला वाळवी लागली तेव्हा सगळे कागद स्कॅन करायचं ठरलं. ऑफिसात स्कॅनर आला, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर स्कॅन झालेले कागद फोल्डरमध्ये ठेवणारं सॉफ्टवेअर बसलं. कागद आत ओढला गेला की स्कॅनरवर हिरवी खूण यायची. खूण आली की तो गठ्ठा शनिवारी रद्दीत, हा नियम माझा.

कॉम्प्युटरचा पासवर्ड कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला असे. सोसायटीची निवडणूक जवळ आली, तेव्हा समोरच्या पॅनेलने जुनी इतिवृत्तं उघडू नयेत म्हणून मी तो गुपचूप बदलला. सॉफ्टवेअर त्याच पासवर्डने आत जाऊन कागद जागेवर ठेवतं, हे मला ठाऊक नव्हतं. ते जुनाच पासवर्ड देत राहिलं आणि शेवटी खातं लॉक झालं. कागद मध्येच अडकून पडले. स्कॅनरवर हिरवी खूण मात्र येतच होती.

दोन आठवड्यांनी फोल्डर रिकामा दिसला. स्कॅनर बसवून देणाऱ्या एजन्सीच्या टेक्निशियन बाई आल्या. ऑफिसात दोन्ही पॅनेलचे लोक बसले होते.

"काका, पासवर्ड कोणी बदललाय का?"

"नाही. नेटवर्क बघा तुमचं. वायर ढिली असेल."

त्यांनी वायर बदलली, राउटर बंद करून चालू केला. "नेटवर्क ठीक आहे, काका. लॉगिनच होत नाहीये. नक्की ना?"

"आयुष्यभर ऑफिसात काढलंय, बाई. पासवर्ड म्हणजे काय ते कळतं मला."

कोणीतरी हसलं. त्या पुन्हा स्क्रीनकडे वळल्या. तिसऱ्या खेपेलाही लॉगिन झालं नाही, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकते. अडकलेलं सगळं जाईल हां. मूळ कागद आहेत ना?"

मावशींचा अर्ज त्याच गठ्ठ्यात होता आणि गठ्ठा रद्दीत गेला होता. "आहेत," मी म्हणालो. एवढ्या लोकांसमोर दुसरं काही तोंडातून निघालं नाही.

सॉफ्टवेअर नव्याने बसलं, खातं उघडलं, नवा पासवर्ड मीच टाइप केला. सगळं लगेच चालू झालं. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बॅग उचलली.

पुढच्या वर्षी मावशी गेल्या. त्यांच्या नवऱ्याचे पुतणे घरावर हक्क सांगत आले. भाची माझ्याकडे आली. मावशींकडची प्रत तिला कुठे सापडली नव्हती.

"काका, मावशीने अर्ज तुमच्या हातात दिला होता. मी होते तिथे."

"रेकॉर्डला नाही, बाळा. मी तरी काय करणार?"

रजिस्ट्रारच्या ऑफिसातून विचारणा झाली, तेव्हा तेच लिहून दिलं. घर पुतण्यांच्या नावावर झालं, त्यांनी ते विकलंही.

यंदा खरं काय ते कागदावर उतरवून मी तिच्या नायगावच्या भाड्याच्या घरी गेलो. तिने दारातच उभं राहून वाचलं.

"वकील म्हणाले, आता काही होत नाही. तेव्हा नुसतं 'दिला होता' म्हणाला असतात, तर मी लढले असते."

"चुकलं माझं."

"हो," ती म्हणाली आणि कागद परत माझ्या हातात दिला.

तिथून रजिस्ट्रारच्या ऑफिसात गेलो, तो कागद दाखल केला, पोच घेतली. खिडकीवरच्या क्लार्कने तो वाचला, मागची बाजू उलटून बघितली.

"आजोबा, घर तर विकलं गेलंय. यावर आम्ही काय करायचं?"

"रेकॉर्डला लावा," मी म्हणालो. त्याने कागद फायलीत लावला.