बापटांचं टेबल

शारजाहून दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कपर्यंत एका गाडीत मी, साठे आणि आमचे अ‍ॅडमिन मॅनेजर बापट. रोजचा ट्रॅफिक म्हटल्यावर किस्से साठणारच! आणि त्यातले निम्मे एकट्या बापटांचे.

*

आमचा लेबनीज जीएम म्हणाला, "मीटिंगचं टेबल भिंतीला लावा." बापटांनी लावलं. तो गेला, त्याच्या जागी इंग्रज आला. त्याला टेबल मधोमध हवं. बापटांनी मधोमध आणलं. मग आला इजिप्शियन. त्याने तोंड उघडायच्या आत बापटांनी विचारलं, "सर, भिंत की मध्ये?"

"भिंत, हबीबी!"

*

ह्याच इजिप्शियनने पाच ड्रायव्हरांचे व्हिसे कॅन्सल करून त्यांना मायदेशी पाठवायला सांगितलं. बापट म्हणाले, "येस सर, इन्शाल्ला!" तो रोज विचारायचा, हे रोज इन्शाल्ला म्हणायचे. शेवटी जीएमचाच व्हिसा कॅन्सल झाला! ड्रायव्हर अजून आहेत.

*

बापटांची मुलगी रेवा इथेच वाढलेली. तिला इंग्लंडला हिस्टरी शिकायची होती. अर्जाबरोबरच्या निबंधासाठी तिने निवडला सोळाव्या शतकातला एक पाद्री, तिथल्या एका कॉलेजचा प्रमुख. इंग्लंडच्या गादीवर नवा माणूस आला की देशाचा पंथ बदलायचा, कधी कॅथलिक, कधी प्रॉटेस्टंट, पण हा आणि त्याची माणसं जागेवर कायम! चॅपेलमधलं प्रार्थनेचं टेबलसुद्धा हुकूम येईल तसं कधी भिंतीला, कधी मध्ये.

साठे गाडीतच ओरडला, "अहो बापट, हे तर तुम्हीच!"

आम्ही पोट धरून हसलो. बापट नाही हसले. "रेवा पण हेच म्हणाली. 'ही हॅड नो स्पाइन, बाबा. जस्ट लाइक यू.'"

फार वाईट वाटलं मला. मग दुबई येईपर्यंत साठेने तो ड्रायव्हरांचा किस्सा पुन्हा सांगितला, आणि त्याच संध्याकाळी बापटांच्या घरी जाऊन रेवालाही!

*

रेवाचा इंटरव्ह्यू फोनवर होता. ती बेडरूममध्ये, स्पीकर ऑन. मी आणि साठे हॉलमध्ये. बापट तर दाराला कान लावून उभे! "अ‍ॅडमिशनचं होईल ते होईल," ते कुजबुजले, "ही त्या पाद्रीबद्दल काय बोलते ते ऐकायचंय मला."

आणि प्रोफेसरने नेमकं तेच विचारलं, "वॉज ही अ कावर्ड?"

बापटांनी डोळे मिटले.

"नो, सर. ही मूव्ह्ड द टेबल अँड सेव्ह्ड हिज पीपल. आय नो अ मॅन लाइक दॅट."

"रिअली? हू?"

"ही'ज लिसनिंग अ‍ॅट द डोअर, सर!"